‘आलो’ आणि ‘आले’

मराठीत बाहेरून घरात पाऊल टाकताना ‘मी आलो’ म्हणायचं की ‘मी आले’, हे ठरल्याशिवाय साधी वर्दीसुद्धा देता येत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस स्वतःबद्दल तासभर बोलला, तरी तो पुरुष की स्त्री हे त्याच्या क्रियापदांवरून कळत नाही. आपल्याकडे ‘मी’ म्हटलं की पुढचं क्रियापद चुगली करतं. जातो-जाते, होतो-होते, दमलो-दमले. आपण हे इतक्या सहज बोलतो की यात काही ठरवावं लागतं हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. ज्याचं शरीर एक सांगतं आणि आतला जीव दुसरं, त्याला मात्र दिवसभर वाक्यावाक्याला ठेच लागते.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. पुण्यात आमच्या घराच्या माडीवर काही वर्षं भाड्याने राहिलेल्या एका मुलाने शिकवलं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. बाकीचं लिहायला त्याने परवानगी दिली आहे.

२०१८च्या जूनमध्ये तो आला तेव्हा आम्ही सगळे त्याला मुलगीच समजत होतो. माडीवरच्या दोन खोल्या मी मुलींनाच भाड्याने देत असे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आईसोबत आला होता. एक पत्र्याची ट्रंक, तांदळाचं गाठोडं आणि माझ्यासाठी काकवीची बाटली. संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, ‘काकू, किल्ली न्यायला आलोय.’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, हे कोणाला ठाऊक नाही? त्याच्या खोलीतल्या दोघी नागपूर आणि नाशिकच्या. त्या हसायच्या. ‘आलो काय गं, आले म्हण!’ तो गप्प व्हायचा.

पुढे कितीतरी महिन्यांनी तो मला म्हणाला, ‘गावात सगळ्याच बायका आलो-गेलो म्हणतात, म्हणून माझं खपून गेलं, काकू. पुण्यात मला टोकायला लागल्या तेव्हा कळलं, त्या म्हणतात ते आणि मी म्हणतोय ते वेगळं आहे.’

टोकणं सुरू झाल्यावर त्याने मराठीतल्या आडवाटा शोधून काढल्या. ‘मी जेवले’ न म्हणता ‘माझं जेवण झालं’. ‘मी निघते’ न म्हणता ‘मला निघायला पाहिजे’. भूतकाळात कर्माचा आडोसा मिळाला की त्याला हायसं वाटायचं, कारण ‘मी चहा घेतला’ या वाक्यात क्रियापद चहाकडे बघतं, पिणाऱ्याकडे बघत नाही. दोन वर्षं तो अशीच मराठी बोलला आणि शेजारच्या खोलीतल्या मुलींना तो घुमा वाटला.

माडीच्या दोरीवर रोज दोन क्रेप बँडेज वाळत असायची. मुरगळलेल्या पायाला बांधतात ती, फिकट तपकिरी रंगाची. मी एकदा विचारलं, ‘पाय दुखावलाय का?’ त्याने मान हलवली. २०१९च्या मे महिन्यात, भर दुपारी, तो जिन्यात चक्कर येऊन पडला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी शर्टाची बटणं सोडली आणि मी पाहिलं. छातीवर ती दोन्ही बँडेज एकावर एक, करकचून गुंडाळलेली. कडेला कातडी सोलवटलेली, बरगड्यांवर वळ. सकाळी आठला बांधायचा आणि रात्री झोपताना सोडायचा. ऑफिसात दिवसभर पाणी प्यायचा नाही, कारण प्यायलं तर बायकांच्या संडासात जावं लागणार. त्यामुळे लघवीचा जंतुसंसर्ग वर्षातून दोनदा ठरलेला. महिन्याचे ते चार दिवस तो रजा टाकून पडून असायचा आणि आम्हाला वाटायचं, पोटात फार दुखत असेल.

याला वैद्यकशास्त्रात जेंडर डिस्फोरिया म्हणतात. मराठीत कोणी लिंगभाव-विसंगती म्हणतं, कोणी लिंग-अस्वस्थता. मला ‘अस्वस्थता’ हा शब्द थिटा वाटतो. अस्वस्थ तर आपण पाहुणे उशिरा आले तरी होतो. शिवाय आपल्या ‘लिंग’ या एकाच शब्दात शरीराचा अवयव, स्त्री-पुरुष हा देहभेद आणि व्याकरणातला प्रकार असं सगळं कोंबलेलं आहे. त्यामुळे मराठीत या विषयावर बोलायला तोंड उघडलं की ऐकणाऱ्याची नजर आधी कमरेखाली जाते. ‘लिंगभाव’ हा शब्द त्यासाठीच आला. आपण कोण आहोत याची जी आतली जाणीव असते, ती. ही जाणीव आणि जन्माच्या वेळी दाईने किंवा डॉक्टरने बघून सांगितलेलं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ यांचा मेळ बसत नाही आणि त्यापायी जिवाला सततचा जाच होतो, तेव्हा तो डिस्फोरिया. मेळ न बसणं आणि जाच होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काहींचा मेळ बसत नाही, तरी त्यांना फारसा त्रास होत नाही. मुलीने क्रिकेट खेळलं, केस कापले, मुलाला रांगोळीचा नाद लागला, म्हणजे हा त्रास आहे असं मुळीच नाही.

जेंडर डिस्फोरिया हे नाव १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधले मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन फिस्क यांनी रूढ केलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात आधी ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’ असं होतं, म्हणजे ओळखच बिघडलेली. २०१३च्या आवृत्तीत ते काढून ‘जेंडर डिस्फोरिया’ घातलं. माणसाची ओळख हा रोग नाही, उपचार त्या जाचावर करायचे, असा त्याचा अर्थ. ही अवस्था निदान सहा महिने टिकलेली हवी आणि तिच्यामुळे जगणं अडलेलं हवं, अशी त्यांची अट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणखी एक पाऊल पुढे गेली. १ जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या तिच्या अकराव्या वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला गेला. ही कागदावरची हलवाहलव वाटेल. पण सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून ‘मेंटलच्या ओपीडीला जा’ हे शब्द चारचौघांत ऐकलेल्या माणसाला विचारा.

जिन्यातल्या त्या दिवसानंतर त्याने मला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता. आणि सगळं ऐकून मी म्हणाले, ‘अरे बाळा, लग्न झालं, लेकरू झालं की हे सगळं जातं.’ मी त्याला ‘अरे’ म्हटलं होतं हे माझ्याही लक्षात आलं नाही, आणि त्याला मात्र त्या वाक्यातलं तेवढंच आठवतं. मला पुढचं आठवतं. ज्या गोष्टीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तिच्यावर मी औषध सुचवलं होतं. तेच औषध त्याला तालुक्याच्या गावी एका डॉक्टरने आधीच सुचवलं होतं, आणि पुढे टाळेबंदीत पाच महिने घरी अडकला तेव्हा एका देवऋष्यानेही. त्याने तर लिंबू उतरवलं, अंगारा दिला, वर बापाकडून पैसे घेतले.

वळण लावलं की माणूस बदलतो, हा समज फक्त खेड्यातल्या देवऋष्याचा नाही. तो एके काळी अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठाचा सिद्धान्त होता. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६५ साली जुळे मुलगे जन्मले. आठ महिन्यांचे असताना सुंता करण्याच्या शस्त्रक्रियेत यंत्राच्या चुकीने त्यातल्या एकाचं शिश्न जळून गेलं. हादरलेले आईबाप जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाकडे गेले. मनी यांचं म्हणणं असं, की मूल स्त्री होणार की पुरुष हे पहिल्या काही वर्षांतल्या संगोपनावर ठरतं. त्यांच्या सल्ल्याने बाळाचे वृषण काढले, ब्रेंडा असं नाव ठेवलं, फ्रॉक घातले, बाहुल्या दिल्या. प्रयोग यशस्वी झाल्याचं वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. घरात मात्र ब्रेंडा फ्रॉक ओरबाडत होती, उभ्याने लघवी करायचा हट्ट धरत होती, शाळेत एकटी पडली होती. चौदाच्या सुमारास बापाने खरं सांगितलं आणि त्या पोराने लगेच मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. डेव्हिड रायमर हे त्याने घेतलेलं नाव. २००४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली.

डेव्हिड पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, नव्हता. पण त्याच्या वाट्याला जे आलं ते नेमकं तेच होतं, आत एक आणि बाहेरून लादलेलं दुसरं. फ्रॉक, बाहुल्या, संप्रेरकं, डॉक्टर, आईबापांची माया, सगळं एका बाजूला लावूनही आतलं हललं नाही. या भावनेचं मूळ गर्भातल्या संप्रेरकांत आहे, जनुकांत आहे की मेंदूच्या जडणघडणीत, याचं एक उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. लाड, संगत, मोबाइल असली उत्तरं मात्र आपल्या घराघरांत तयार असतात. माडीवरच्या मुलाने स्मार्टफोन पहिल्यांदा हातात धरला तो कॉलेजात. शाळेच्या परकराला ब्लेड मारलं होतं पाचवीत.

आपल्याकडे हा विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला तो बीड जिल्ह्यातल्या माजलगावमुळे. तिथल्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. भरती महिला म्हणून झालेली, मग शस्त्रक्रियेनंतर नोकरीचं काय, या प्रश्नावर खातं अडलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून प्रशासकीय न्यायाधिकरणाची वाट दाखवली गेली, अखेर राज्य सरकारने परवानगी दिली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पुन्हा त्याच खात्यात, पुरुष शिपाई म्हणून रुजू झाले. २०२० मध्ये त्यांचं लग्नही झालं. त्यांच्या तपासण्यांमध्ये पुरुषाचं वाय गुणसूत्र आढळलं होतं, म्हणजे शरीराची घडणच जन्मतः वेगळी होती. डिस्फोरिया असलेल्या बहुतेकांच्या तपासण्यांत असं काही सापडत नाही. गुणसूत्रं नेहमीची, संप्रेरकं नेहमीची, सोनोग्राफी नेहमीची. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून हे निदान होत नाही. म्हणूनच घरच्यांना ते पटवून देणं अवघड जातं. माडीवरच्या मुलाच्या आईने ललित यांची बातमी टीव्हीवर पाहिली होती. ती म्हणायची, ‘त्येच्या रक्तात निघालं की. हिच्या रक्तात काय बी निघालं नाही.’

मुंबई उच्च न्यायालयात त्याआधीही एक प्रकरण आलं होतं. गुवाहाटीचा एकवीस वर्षांचा बिधान बरुआ मुंबईत शस्त्रक्रियेसाठी आला होता, आईवडिलांनी ती रोखायचा प्रयत्न केला. मे २०१२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की सज्ञान माणसाला अशी शस्त्रक्रिया करून घेण्यापासून रोखणारा कुठलाही कायदा नाही. त्याच स्वाती बिधान बरुआ पुढे कायदा शिकल्या आणि २०१८ मध्ये आसामात लोकअदालतीच्या न्यायाधीश म्हणून बसल्या. १५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात निकाल दिला. साताऱ्यापासून दिल्लीपर्यंतच्या चळवळीतली माणसं आजही ही तारीख वाढदिवसासारखी सांगतात. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांनी म्हटलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाचा, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणं बेकायदेशीर. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी या दोघींचा त्या लढ्यात हात होता.

माडीवरच्या मुलाने उपचार सुरू करायचं ठरवलं ते २०२१च्या सुरुवातीला. पहिल्या भेटीला मी सोबत गेले. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण खिडकीवरचा कारकून कुठल्याही रुग्णालयातला असू शकतो. ‘स्त्री का पुरुष?’ त्याने विचारलं. मग आधार कार्ड बघून स्वतःच टिक मारली आणि तासाभराने भरल्या व्हरांड्यात जुनं नाव मोठ्याने पुकारलं. पँट-शर्टातला तरुण उठला तेव्हा बाकावरचे पंचवीस जण वळून बघत होते. आत बसलेल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंचा पहिला प्रश्न मात्र होता, ‘तुला कुठल्या नावाने हाक मारू?’ त्याने सांगितलं. त्यांनी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलने ते लिहून ठेवलं. पुढच्या प्रत्येक भेटीत त्या कोपऱ्याकडे बघूनच त्या बोलायला लागत.

लोकांना वाटतं, मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं ते डोक्यातला विचार काढून टाकायला. तसं नाही. आणखी काही आजार आहे का, नैराश्य किती खोल आहे, जीव द्यायचे विचार येतात का, उपचारांनी काय बदलेल आणि काय बदलणार नाही हे माणसाला नीट उमगलंय का, हे बघणं त्यांचं काम. विचार पालटवण्याच्या नावाखाली शॉक, गोळ्या, शिव्या आणि उपास घडवणारे आपल्याकडे आहेत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध कडक आदेश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तालुक्याच्या त्या डॉक्टरपर्यंत हे पोचलं असेल का, असं मनात येतं.

बाईंनी चार-पाच भेटींनंतर पत्र दिलं आणि तो अंतःस्रावतज्ज्ञाकडे गेला. पहिलं इंजेक्शन मला आठवतं. टेस्टोस्टेरॉन तेलात विरघळवलेलं असतं, मधासारखं दाट. परिचारिकेने कुपी आधी तळहातात धरून ऊब दिली, मग जाड सुईने हळूहळू ओढलं. दर तीन आठवड्यांनी एक. आधी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. आवाज एकदा फुटला की औषध थांबवूनही परत फिरत नाही. आणि पुढे कधी स्वतःच्या रक्ताचं मूल हवं असेल, तर बीजं गोठवून ठेवायची का याचा विचार आत्ताच कर. तो दुसऱ्या मुद्द्यावर बराच वेळ गप्प बसला. मग नको म्हणाला.

तिसऱ्या महिन्यात पाळी थांबली. त्या दिवशी त्याने अर्धा किलो पेढे आणले आणि खोलीतल्या मित्रांना पगारवाढ झाल्याचं सांगितलं. तोवर त्या दोघी गेल्या होत्या, मी माडी मुलांना द्यायला लागले होते. आवाज चौथ्या महिन्यात घोगरा झाला, वर्षाच्या आत उतरला. चेहऱ्यावर पुळ्या उठल्या, दुसऱ्यांदा वयात यावं तशा. दाढी हळूहळू येते, पुरती भरायला चार-पाच वर्षंही लागतात. हे औषध रक्त दाट करतं, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी. लॅबच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनपुढे लाल बाण आला तेव्हा तो घाबरून खाली धावत आला. आकडा पुरुषाच्या प्रमाणात बसत होता. लॅबवाल्यांनी आधार कार्डाप्रमाणे बायकांचं प्रमाण छापलं होतं.

डॉक्टरांच्या दारी न जाता चाललेलं औषधपाणी किती मोठं आहे, हे मला त्याच व्हरांड्यात कळलं. शेजारी बसलेली चाळिशीची तृतीयपंथी ताई गप्पांत म्हणाली, ‘आम्ही संततिनियमनाच्या गोळ्या खाल्ल्या ना, बाई. वीस-वीस एका दिवशी. छाती यावी म्हणून.’ त्या गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन एवढ्या मोठ्या प्रमाणात घेतलं तर पायातल्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, त्या सुटून फुप्फुसात गेल्या तर जीव जातो. डॉक्टर देतात ते इस्ट्राडिओल वेगळं, कमी धोक्याचं, आणि सोबत पुरुषी संप्रेरक दाबणारं औषध. त्याने छाती दोन-तीन वर्षांत भरते, त्वचा मऊ होते, चरबी कमरेकडे सरकते. पण फुटलेला आवाज परत बारीक होत नाही, त्यासाठी आवाजाचे व्यायाम करावे लागतात. आलेली दाढी जात नाही, ती लेझरने किंवा केस एकेक करून जाळून काढावी लागते. त्या ताईने निर्वाणही घेतलं होतं. आपल्या परंपरेत गुरूच्या घरी, दाईच्या हातून, बहुचरामातेचं नाव घेऊन होणारी ती शस्त्रक्रिया. मग चाळीस दिवस अंधारी खोली. तिच्यासोबतची एक जण त्यात गेली. हे बोलताना तिचा आवाज जराही हलला नाही, आणि मला तिच्याकडे बघवेना.

परंपरेने या माणसांना जागा दिली, असं आपण अभिमानाने सांगतो. जागा दिली ती वेशीबाहेर. देवीला सोडलेल्या जोगत्याचं आयुष्य काय असतं ते राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ कादंबरीने दाखवलं आहे. आणि तीही जागा जन्माने मुलगा असलेल्यालाच. मुलगी म्हणून जन्मलेल्याला ना गुरू, ना घराणं, ना टाळी. तो घरातच राहतो आणि त्याचं लग्न लावून टाकतात.

ज्याला त्याला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. काहींचं नाव, कपडे आणि लोकांची हाक बदलली की भागतं. काहींना संप्रेरकं पुरतात. माडीवरच्या मुलाला छातीची शस्त्रक्रिया हवी होती, दुसरी नको होती. पुरुषाचा अवयव घडवायचा तर बहुधा हाताच्या पुढच्या भागातली कातडी, शिरा आणि नसा उचलून घ्याव्या लागतात, टप्प्याटप्प्याने दोन-तीनदा भूल घ्यावी लागते, मूत्रमार्गाच्या कटकटी होतात. तो म्हणाला, ‘मला शर्ट घालून वाकता आलं पाहिजे, बस.’ ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये तृतीयपंथीयांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची योजना आणली होती. त्याच्या कागदांवरची नावं जुळेपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. तीन वर्षं भिशी लावली होती, ती उचलली.

एप्रिल २०२३. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी मी त्याला घरी आणलं. छातीला घट्ट पट्टा, दोन्ही काखांखालून निघालेल्या दोन नळ्या, टोकाला प्लास्टिकचे फुगे. त्यात साठलेलं लालसर पाणी रोज मोजायचं आणि ते तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळ्या काढायच्या. मी आकडे ‘कालनिर्णय’वर लिहीत असे, दुधाच्या हिशेबाच्या खाली. दूध दीड लिटर, उजवी पंचावन्न, डावी साठ. दूध दीड, उजवी चाळीस, डावी चव्वेचाळीस. नळ्या निघाल्या त्या दिवशी पहिल्यांदा बनियन घालून तो आरशासमोर उभा राहिला. दोन्ही बाजूंना टाक्यांची लांब वक्र रेघ, अजून काळसर. त्याने बोट फिरवून बघितलं. तिथे संवेदना नव्हती, काही महिने नसते, थोडी कायमचीही जाते. ‘काहीच लागत नाही हाताला,’ तो म्हणाला. तो रडेल असं मला वाटलं होतं. त्याने पोहे मागितले.

पस्तावा होतो का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. २०२१ मध्ये सत्तावीस अभ्यासांतल्या सुमारे आठ हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, त्यात शस्त्रक्रियेनंतर पस्तावलेले साधारण शंभरात एक निघाले. त्यातल्या अनेक अभ्यासांनी रुग्णांचा मागोवा पुरेसा लांबवर ठेवला नव्हता, अशी टीका आहे आणि ती रास्त आहे. तरी आकडा दुप्पट-तिप्पट धरला तरी गुडघा बदलून पस्तावणारे त्याहून जास्त निघतात. वयात येणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवायला हवा. वयात येणं लांबवणारी औषधं देण्याची पद्धत नेदरलँड्समध्ये सुरू झाली, जगभर गेली. पुढे स्वीडन आणि फिनलंडने हात आखडता घेतला. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४च्या अहवालाने पुरावा कच्चा असल्याचं म्हटलं, आणि त्याआधीच मार्चमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने ही औषधं सरसकट देणं थांबवलं होतं. इतर अनेक डॉक्टर-संघटनांना तो निष्कर्ष मान्य नाही. माझं मत विचाराल तर, तेरा वर्षांच्या मुलाला औषध द्यायचं की नाही याबद्दल डॉक्टर वाद घालोत, तो घालायलाच हवा. पण त्याचं ऐकून घ्यायचं की नाही, त्याच्या डोक्यावर लिंबू पिळायचं की नाही, यात वाद असण्याचं मला कारण दिसत नाही. माडीवरच्या मुलाला तेराव्या वर्षी कुणी इंजेक्शन द्यायला नको होतं. कुणीतरी ऐकायला हवं होतं.

त्याची आई शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी आली. फोनवर ती गेली दोन वर्षं त्याच्याशी बोलत होती, पण त्याच्यासारखीच आडवाटेने. ‘जेवलीस का’ नाही, ‘जेवलास का’ही नाही. ‘जेवण झालं काय?’ ‘गं’ बंद झालं होतं, ‘रं’ सुरू झालं नव्हतं. माझ्या घरी ती आठवडाभर राहिली, पट्टा कसा बांधायचा ते शिकली, टाक्यांना मलम लावलं. त्याचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही. मी काही बोलले नाही. एकदा बोलून बसले होते.

ते परत निघाले तेव्हा मी स्वारगेटला सोडायला गेले. त्याला दगदग नको म्हणून खिडकीची जागा धरली. महिन्यापूर्वीच, १७ मार्चपासून, एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. गाडीत नुसती गर्दी. कंडक्टर टकटक करत त्यांच्या सीटपाशी आला. मी खाली खिडकीजवळ उभी होते.

‘कुठं, मावशी?’

‘कोल्हापूर.’ तिने कनवटीची नोट काढली. ‘माझं हाफ. ह्याचं फुल.’